ग्लुकोजविघटनाचे नियंत्रण: पाठ न करता उलगडण्याची पद्धत

जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ग्लुकोजविघटन (ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत ग्लुकोजचे पायरुवेट होण्याची साखळी) शिकवताना मला दर वर्षी एकच गोष्ट जाणवते. दहा पायऱ्या, दहा विकरे आणि मधली संयुगे विद्यार्थी आठवडाभरात तोंडपाठ करतात, पण ही साखळी केव्हा वेग घेते, केव्हा मंदावते आणि हे कोण ठरवते असे विचारले की वहीतले एक कोष्टक पुढे येते. त्यात डावीकडे उत्तेजक आणि उजवीकडे निरोधक लिहिलेले असतात. कोष्टक चुकीचे नसते. परंतु त्यात पेशी कुठली, वेळ कुठली आणि गरज कुठली याचा पत्ता नसल्यामुळे परीक्षेत प्रश्न जरासा फिरवून विचारला की ते उपयोगी पडत नाही. या लेखात मी वेगळा मार्ग सुचवतो आहे. ज्या विकराचे नियंत्रण समजून घ्यायचे आहे त्याला प्रत्येक वेळी तेच मोजके प्रश्न विचारायचे आणि उत्तरे शक्य तिथे आकडेमोड करून पडताळायची. त्यासाठी एक मोठा कोरा कागद, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर आणि दोन निवांत बैठका पुरेशा आहेत. विकर म्हणजे आपण वर्गात ज्याला एन्झाइम म्हणतो तेच. दोन्ही शब्द मी वापरणार आहे.

पायरी पहिली: नकाशा काढा आणि उतार शोधा

कागदाच्या वरच्या टोकाला ग्लुकोज आणि खालच्या टोकाला पायरुवेट लिहा. मधली नऊ संयुगे क्रमाने मांडा आणि प्रत्येक बाणाशेजारी विकराचे नाव लिहा. आता प्रत्येक बाणाजवळ दोन आकड्यांसाठी जागा सोडा. पहिला आकडा समतोल स्थिरांकाचा, म्हणजे अभिक्रिया पूर्णपणे स्थिरावली असती तर उत्पादित आणि अभिकारक यांचे जे गुणोत्तर झाले असते त्याचा. दुसरा आकडा जिवंत पेशीत ते गुणोत्तर प्रत्यक्षात किती आढळते याचा.

दोन उदाहरणे पाहा. ग्लुकोज-६-फॉस्फेटचे फ्रुक्टोज-६-फॉस्फेट करणाऱ्या आयसोमरेजच्या पायरीचा समतोल स्थिरांक सुमारे ०.४ आहे आणि हृदयाच्या स्नायूत मोजलेले गुणोत्तर सुमारे ०.२४ आहे. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत, म्हणजे ही अभिक्रिया समतोलाच्या काठावरच चालते. इथे विकर दुप्पट केले तरी प्रवाहात फारसा फरक पडणार नाही, कारण अभिक्रिया जितक्या सहज पुढे जाते तितक्याच सहज मागे येते. लगेच पुढच्या पायरीवर, म्हणजे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ या विकरापाशी, चित्र पालटते. तिथे समतोल स्थिरांक सुमारे १,००० आहे, तर हृदयाच्या स्नायूतील प्रत्यक्ष गुणोत्तर सुमारे ०.०३ आहे. दोहोंमध्ये तीस हजार पटींहून अधिक अंतर आहे. अभिक्रियेला पुढे जाण्याची प्रचंड ओढ आहे, तरीही ती अडलेली आहे. याचा अर्थ कुणीतरी तिथे दार धरून उभे आहे.

पाटाने शेताला पाणी देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जिथे पाणी सपाटीवर साचून उभे असते तिथे दार बसवून काही हाती लागत नाही. जिथे उतार असतो तिथेच दार उघडले किंवा लावले की खालच्या वाफ्यांना फरक कळतो. ग्लुकोजविघटनात असे उतार तीन आहेत. तांबड्या रक्तपेशींमध्ये मोजलेला मुक्त ऊर्जेचा बदल (हाच उताराचा आकडा; जितका अधिक उणे तितका उतार तीव्र) हेक्सोकायनेजच्या पायरीवर सुमारे उणे ३३, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ च्या पायरीवर सुमारे उणे २२ आणि पायरुवेट कायनेजच्या पायरीवर सुमारे उणे १७ किलोज्यूल प्रतिमोल आहे. उरलेल्या सात पायऱ्यांवर तो शून्याच्या आसपास असतो. कागदावर ही तीन ठिकाणे लाल पेन्सिलीने ठळक करा. मात्र एक खबरदारी घ्या: उतार दिसला म्हणजे दार असू शकते एवढेच कळते. तिथे खरोखर दार आहे की नाही हे त्या विकराची क्रिया पेशीच्या स्थितीप्रमाणे बदलते का, यावरून ठरवावे लागते.

पायरी दुसरी: दार नसलेल्या ठिकाणी अडथळा आणला तर काय होते ते पाहा

पहिल्या पायरीतला निष्कर्ष कागदावरच राहू नये म्हणून पॅथॉलॉजी लॅबमधले रोजचे उदाहरण घेऊ. रक्तातली साखर तपासायची असेल तर रक्त बहुतेक वेळा राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. ती नळी उजेडात धरली तर तळाशी पांढरट पूड दिसते. तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि रक्त गोठू न देणारे पोटॅशियम ऑक्झलेट असते. फ्लोराइड घालण्याचे कारण असे की नळीत आल्यावरही तांबड्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, रक्तातले ग्लुकोज दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते आणि अहवालात साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते.

फ्लोराइड इनोलेज हे विकर बंद पाडते. इनोलेज साखळीत नवव्या क्रमांकावर आहे. साखळी कुठेही तोडली की ती थांबेल असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात फ्लोराइडच्या नळीत पहिला तास-दोन तास ग्लुकोज जवळजवळ साध्या नळीइतक्याच वेगाने घटत राहते आणि त्यानंतर स्थिरावते. वरच्या हेक्सोकायनेजला आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला खाली इनोलेज बंद पडले आहे याची खबर थेट मिळत नाही. ती दोन्ही विकरे एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्च करून ग्लुकोज आत ओढतच राहतात आणि मधली संयुगे तुंबत जातात. खाली पायरुवेट कायनेजपर्यंत काहीच पोहोचत नसल्यामुळे खर्च झालेला एटीपी भरून निघत नाही, तो संपत येतो, आणि तेव्हा कुठे पहिले विकर थांबते. म्हणूनच सायट्रेट बफर घातलेल्या नळ्या अधिक भरवशाच्या मानल्या जातात. त्या रक्ताची आम्लता वाढवतात आणि हेक्सोकायनेज व फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या वरच्या दोन दारांनाच ताबडतोब रोखतात. नियंत्रण वरच्या पायऱ्यांवर का हवे याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या कोपराच्या शिरेतून कधी ना कधी गेलेला असतो.

पायरी तिसरी: पेशी कुठली ते आधी लिहा

पहिल्या दाराशी जाण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात पेशीचे नाव लिहिण्याची सवय लावा: स्नायू, मेंदू, यकृत, स्वादुपिंडाची (इन्सुलिन स्रवणारी) बीटा पेशी किंवा तांबडी रक्तपेशी. एकच अभिक्रिया घडवणारी वेगवेगळी विकरे निरनिराळ्या पेशींत असतात आणि त्यांचे स्वभाव निरनिराळे असतात. ग्लुकोजवर फॉस्फेट बसवण्याचे काम मेंदूत आणि स्नायूंत हेक्सोकायनेज करते, तर यकृतात आणि बीटा पेशींत ते मुख्यतः ग्लुकोकायनेज करते, ज्याला हेक्सोकायनेज-४ असेही म्हणतात.

फरक आकड्यांत बघा. मेंदूतल्या हेक्सोकायनेजला निम्म्या वेगाने काम करण्यासाठी ०.१ मिलिमोलर किंवा त्याहूनही कमी ग्लुकोज पुरते. आपण ०.१ धरू. उपाशीपोटीचे ग्लुकोज ५ मिलिमोलर, म्हणजे लॅबच्या भाषेत ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वेग काढायला ५ ला ५.१ ने भागा. उत्तर ९८ टक्के येते. आता जेवणानंतर ग्लुकोज १० मिलिमोलर झाले असे माना. १० भागिले १०.१ म्हणजे ९९ टक्के. साखर दुप्पट झाली तरी या विकराला फरक जाणवला नाही, कारण ते आधीच जवळपास पूर्ण वेगाने चालले होते. (पेशीच्या आत ग्लुकोज रक्तापेक्षा कमी असते, पण मुद्दा तोच राहतो.)

ग्लुकोकायनेजला निम्म्या वेगासाठी सुमारे ८ मिलिमोलर ग्लुकोज लागते आणि त्याचा आलेख सरळ न चढता किंचित नागमोडी चढतो; हा नागमोडीपणा मोजणारा हिल गुणांक सुमारे १.७ असतो. ५ भागिले ८ याचा १.७ वा घात ०.४५ येतो, तो १.४५ ने भागला की वेग ३१ टक्के मिळतो. १० मिलिमोलरला हेच गणित केले तर ५९ टक्के येतात. म्हणजे साखर दुप्पट होताच यकृताचा वेगही जवळजवळ दुप्पट होतो. यकृताचे काम साखरेची आवक पाहून साठवणूक करण्याचे आहे आणि मेंदूचे काम साखर कितीही असली तरी आपला वाटा घेण्याचे आहे. दोन्ही विकरांचे स्वभाव त्या कामांना नेमके जुळतात. हे गणित स्वतः एकदा करा, कारण केवळ वाचून ही जुळणी मनात बसत नाही.

यानंतर दुसरा प्रश्न विचारा: या विकराला आपल्याच उत्पादिताचे ओझे वाटते का? स्नायूतल्या हेक्सोकायनेजला वाटते. ग्लुकोज-६-फॉस्फेट साचले की ते विकर मंदावते. ग्लुकोकायनेजला मात्र ग्लुकोज-६-फॉस्फेट या मर्यादेत रोखत नाही, आणि म्हणूनच यकृत तेच ग्लुकोज-६-फॉस्फेट ग्लायकोजेनकडे, म्हणजे ग्लुकोजच्या साठ्याकडे, वळवत राहू शकते. ग्लुकोकायनेजला आवरणारे प्रथिन वेगळे आहे. यकृतपेशीत ते ग्लुकोकायनेजला पकडून केंद्रकात नेऊन ठेवते. फ्रुक्टोज-६-फॉस्फेट ही पकड घट्ट करते, तर वाढलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज-१-फॉस्फेट ती सैल करतात. यातले फ्रुक्टोज-१-फॉस्फेट लक्षात ठेवा, शेवटी त्याची गरज पडणार आहे.

ग्लुकोकायनेजच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत बिघाड असलेल्या माणसांची उपाशीपोटीची साखर जन्मापासूनच थोडी वरच्या पातळीवर स्थिरावलेली असते. बीटा पेशीतला मोजमाप करणारा काटाच सरकल्यासारखा असतो. आनुवंशिक मधुमेहाच्या या सौम्य प्रकाराला मोडी-२ म्हणतात आणि त्यात बहुतेकांना औषधाची गरज पडत नाही. एका विकराची संवेदनशीलता किंचित बदलली की सगळ्या शरीराची ‘सामान्य’ पातळी कशी सरकते, हे त्यातून दिसते.

पायरी चौथी: मुख्य दारापाशी थांबा

फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१, म्हणजे पीएफके-१, या विकरावर सर्वांत अधिक वेळ द्या. ग्लुकोज-६-फॉस्फेटला ग्लायकोजेनचा आणि पेंटोज फॉस्फेटचा असे दोन आडरस्ते आहेत; पीएफके-१ ची पायरी ओलांडल्यावर मात्र ती साखर ग्लुकोजविघटनाच्या वाटेला बांधली जाते.

हे विकर चार उपघटकांचे बनलेले आहे आणि त्यावर एटीपीसाठी दोन प्रकारच्या जागा आहेत. पहिली क्रियास्थळाची, जिथे एटीपी आपला फॉस्फेट देतो. दुसरी बाजूची, म्हणजे अॅलोस्टेरिक जागा, जिथे एटीपी बसला की विकराची फ्रुक्टोज-६-फॉस्फेट धरण्याची ओढ घटते. पहिली जागा एटीपी कमी असतानाच भरते, दुसरी तो मुबलक झाल्यावर भरते. ‘एटीपी हा अभिकारकही आहे आणि निरोधकही, हे कसे?’ या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकेचे उत्तर या दोन जागांत आहे.

पण इथेच एक अडचण उभी राहते, जिच्याकडे बहुतेक टिपणांमध्ये दुर्लक्ष झालेले असते. जिवंत पेशीत एटीपी फारसा घटतच नाही. जोरात आकुंचन पावणाऱ्या स्नायूतही पेशी तो मोठ्या प्रमाणावर घसरू देत नाही. मग दहा-पंधरा टक्क्यांच्या घटीवरून साखळीचा वेग अनेक पटींनी कसा वाढेल? उत्तर एएमपीमध्ये आहे आणि ते गणिताने काढता येते. (एटीपीतला एक फॉस्फेट गेला की एडीपी उरतो, दोन गेले की एएमपी.) अॅडेनिलेट कायनेज हे विकर दोन एडीपी रेणूंपासून एक एटीपी आणि एक एएमपी बनवते आणि ही अभिक्रिया समतोलाजवळ असते. सोयीसाठी तिचा समतोल स्थिरांक १ धरा. सुरुवातीला एटीपी ५ आणि एडीपी ०.५ मिलिमोलर असेल तर एएमपी ०.०५ येतो. आता एटीपी १० टक्क्यांनी घटून ४.५ झाला, आणि तिघांची बेरीज ५.५५ हीच राहिली. उरलेले १.०५ मिलिमोलर एडीपी आणि एएमपी यांच्यात वाटले जाते; समीकरण सोडवले की एडीपी सुमारे ०.८८ आणि एएमपी सुमारे ०.१७ येतो. एटीपी एक दशांशाने घटला, एडीपी पावणेदोन पट झाला आणि एएमपी जवळजवळ साडेतीन पट झाला. पेशी एटीपीतली छोटी घट थेट मोजण्याऐवजी एएमपीतली मोठी वाढ वाचते. एएमपी पीएफके-१ वर बसून एटीपीचा निरोध सैल करतो. हे समीकरण वहीत सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ऊर्जेच्या संदर्भातले पेशीचे बहुतेक निर्णय याच तत्त्वावर उभे आहेत.

याच दारावर आणखी दोन खुणा लिहा. सायट्रेट एटीपीचा निरोध अधिक बळकट करते. तंतुकणिकांमधून (मायटोकॉन्ड्रियांमधून) ते पेशीद्रव्यात येते तेव्हा क्रेब चक्राला, म्हणजे तिथे पायरुवेटच्या पुढचे ज्वलन करणाऱ्या साखळीला, पुरेसा माल मिळाला आहे असा निरोप पोहोचतो. वाढती आम्लताही पीएफके-१ ला मंदावते. लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये नोंदवले होते की हवा मिळाल्यावर यीस्ट कमी साखर खाते. ऑक्सिजन मिळाला की एका ग्लुकोजमागे कितीतरी अधिक एटीपी मिळतो, एटीपी आणि सायट्रेट वाढतात, एएमपी घटतो आणि पीएफके-१ आवरते: त्या जुन्या निरीक्षणामागचा मोठा भाग हा आहे.

पीएफके-१ बंद झाले की वरचे दार आपोआप कसे बंद होते तेही कागदावर बाणांनी दाखवा. फ्रुक्टोज-६-फॉस्फेट साचते, पहिल्या पायरीत पाहिलेली आयसोमरेजची अभिक्रिया समतोलाजवळ असल्यामुळे ग्लुकोज-६-फॉस्फेटही साचते, आणि ते स्नायूतल्या हेक्सोकायनेजला रोखते. ज्या पायरीवर नियंत्रण नाही असे आपण म्हटले, तीच इथे निरोप पोहोचवण्याचे काम करते.

स्नायूतले पीएफके-१ जन्मतःच नसेल तर काय होते, हे १९६५ मध्ये जपानी वैद्य सेइइचिरो तारुइ यांनी वर्णन केलेल्या आजारातून कळते. श्रम केले की स्नायूंत गोळे येतात. विशेष म्हणजे या रुग्णांनी व्यायामापूर्वी साखर खाल्ली तर बळ मिळण्याऐवजी दम लवकर उखडतो. वाढलेल्या इन्सुलिनमुळे रक्तातली मेदाम्ले घटतात, आणि त्यांचा स्नायू तर मेदाम्लांवरच अवलंबून असतो. समोर आलेले ग्लुकोज त्याला बंद दारापलीकडे नेता येत नाही.

पायरी पाचवी: यकृताचा खास निरोप ओळखा

इथपर्यंतचे सगळे निरोप पेशीच्या स्वतःच्या गरजेबद्दलचे होते. यकृताला स्वतःखेरीज सगळ्या शरीराची काळजी वाहायची असते, त्यामुळे त्याच्या पीएफके-१ ला संप्रेरकांचे ऐकावे लागते. हा दुवा बराच काळ सापडत नव्हता. बेल्जियममध्ये एमिल व्हान शाफ्टिंगेन आणि हेन्री-जेरी हेर्स यांच्या कामातून १९८० मध्ये तो रेणू हाती लागला: फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट. साखळीतल्या फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटशी नाव मिळतेजुळते असल्याने घोटाळा होतो, म्हणून कागदावर तो वेगळ्या रंगात आणि साखळीच्या बाहेर लिहा. तो साखळीतला मधला टप्पा नाही. त्याचे काम केवळ निरोप देण्याचे आहे. यकृतात तो नसेल तर नेहमीच्या एटीपीच्या पातळीला पीएफके-१ जवळजवळ निष्क्रिय असते.

हा रेणू बनवणारे आणि मोडणारे विकर एकाच प्रथिनात आहे. त्याच्या एका भागाला पीएफके-२ आणि दुसऱ्याला फ्रुक्टोज-बिसफॉस्फटेज-२ म्हणतात. उपाशीपोटी ग्लुकागॉन हे संप्रेरक वाढते, त्यामुळे यकृतपेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू (वरच्या एएमपीहून वेगळा) वाढतो, प्रोटीन कायनेज-ए हे विकर जागे होते आणि या दुहेरी प्रथिनावर फॉस्फेट बसवते. परिणामी बनवणारा भाग थांबतो, मोडणारा भाग चालू होतो, फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट घटते आणि पीएफके-१ बंद पडते. त्याच वेळी उलट दिशेचे विकर, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज, मोकळे होते आणि यकृत साखर मोडण्याऐवजी घडवू लागते. जेवणानंतर इन्सुलिन हे फॉस्फेट उतरवायला लावते आणि सगळा क्रम उलटतो.

दोन्ही दिशांची विकरे एकाच निरोपाला विरुद्ध प्रतिसाद देतात याचा फायदा किती, ते छोट्या गणिताने पाहा. पुढचा प्रवाह २० आणि मागचा १८ असेल तर निव्वळ प्रवाह २. निरोप आल्यावर पुढचा फक्त १० टक्क्यांनी वाढून २२ झाला आणि मागचा १० टक्क्यांनी घटून १६.२ झाला, तर निव्वळ प्रवाह ५.८, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

इथे पुन्हा पेशीचे नाव तपासा. हृदयातल्या पीएफके-२ वर फॉस्फेट बसले की त्याचा बनवणारा भाग थांबण्याऐवजी अधिक वेगाने चालतो. ‘फॉस्फेट बसले म्हणजे बंद’ असा सरसकट नियम वहीत असेल तर तो खोडून टाका.

पायरी सहावी: शेवटचे दार

पायरुवेट कायनेज थोडक्यात उरकता येते. वर पीएफके-१ ने बनवलेले फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट खालच्या पायरुवेट कायनेजला आगाऊ जागे करते, म्हणजे माल येतो आहे असा सांगावा आधीच पोहोचतो आणि मधे तुंबत नाही. एटीपी आणि अॅलॅनिन त्याला आवरतात. यकृतातल्या प्रकारावर प्रोटीन कायनेज-ए फॉस्फेट बसवून त्याला निष्क्रिय करते, जेणेकरून उपवासात यकृत स्वतःच घडवत असलेली साखर पुन्हा मोडत बसणार नाही. स्नायूतल्या एम-१ प्रकारावर हे फॉस्फेट बसत नाही. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचा सांगावाही त्याला लागत नाही, कारण ते मुळातच सक्रिय अवस्थेत असते. तांबड्या पेशीतल्या प्रकारात जन्मजात कमतरता असेल तर त्या पेशींना एटीपी पुरत नाही आणि त्या अकाली फुटून पंडुरोग होतो. तंतुकणिका नसल्यामुळे त्यांच्याकडे दुसरी सोय नाही.

पायरी सातवी: वेळेचा स्तंभ भरा

प्रत्येक नियंत्रणाशेजारी ते किती वेळात अमलात येते हे लिहा. एएमपी, सायट्रेट, ग्लुकोज-६-फॉस्फेट अशा रेणूंचे बसणे-उठणे क्षणार्धाचे असते. फॉस्फेट चढवणे-उतरवणे सेकंद ते मिनिटांत होते. इन्सुलिनमुळे यकृतात ग्लुकोकायनेजच्या जनुकाचे वाचन वाढून विकराचे प्रमाणच वाढणे, याला तास लागतात. परीक्षेतल्या निम्म्या चुका या स्तंभाकडे लक्ष न दिल्यामुळे होतात.

पायरी आठवी: कागद प्रसंगावर चालवा

कबड्डीत चढाईसाठी ३० सेकंद मिळतात. चढाई करणाऱ्याच्या मांडीच्या स्नायूत एटीपीची पहिली भरपाई क्रिएटिन फॉस्फेट करते. एएमपी वाढताच पीएफके-१ मोकळे होते. इंधन बाहेरून येण्याची वाट पाहिली जात नाही: ग्लायकोजेन फुटून ग्लुकोज-६-फॉस्फेट तिथल्या तिथे मिळते. या मार्गात हेक्सोकायनेजची पायरीच लागत नाही, म्हणून त्याला ग्लुकोज-६-फॉस्फेटने रोखले तरी काही अडत नाही, आणि एटीपीचा एक रेणूही वाचतो. त्याच क्षणी अॅड्रेनलिन दोन्हीकडे पोहोचलेले असते. स्नायूत ते ग्लायकोजेन फोडायला लावते आणि साखर मोडण्याची वाट उघडीच राहते. यकृतात मात्र त्याच संप्रेरकामुळे पायरुवेट कायनेजवर फॉस्फेट बसते, फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट घटते आणि यकृत साखर न मोडता रक्तात सोडते. स्नायूत तयार झालेले लॅक्टेट यकृतात येऊन पुन्हा ग्लुकोज होते. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने हे चक्र ओळखले जाते. त्यांना ग्लायकोजेनवरील कामासाठी १९४७ चे नोबेल मिळाले. एका संप्रेरकाचे दोन अवयवांत असे विरुद्ध परिणाम कोपऱ्यातल्या पेशीच्या नावाशिवाय समजूच शकत नाहीत.

शेवटचा प्रसंग स्वतः सोडवून मग पुढचे वाचा: उसाच्या रसाचा एक मोठा पेला प्यायल्यावर यकृतात काय होईल?

रसातली साखर आतड्यात फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज समसमान मिळते. ग्लुकोज आपल्या नकाशावरच्या पहिल्या दाराशी येते. फ्रुक्टोजसाठी यकृतात फ्रुक्टोकायनेज हे वेगळे विकर आहे. ते फ्रुक्टोज-१-फॉस्फेट बनवते, आणि अल्डोलेज-बी त्याचे दोन तुकडे करते. हे तुकडे साखळीत पीएफके-१ च्या खाली येऊन मिळतात. म्हणजे एटीपी मुबलक आहे, सायट्रेट वाढले आहे, मुख्य दार बंद आहे, तरीही फ्रुक्टोज आत शिरतेच, कारण त्याच्या वाटेवर ते दार नाही. शिवाय तिसऱ्या पायरीत पाहिल्याप्रमाणे फ्रुक्टोज-१-फॉस्फेट ग्लुकोकायनेजची केंद्रकातली पकड सैल करते, त्यामुळे सोबत आलेल्या ग्लुकोजसाठीही पहिले दार अधिक उघडते. ऊर्जेची गरज नसताना आत आलेले हे कार्बन अणू मग ग्लायकोजेनकडे आणि मेदाकडे वळतात. कागदावर फ्रुक्टोजचा बाण डावीकडून काढा, तो पीएफके-१ च्या खाली आणून जोडा आणि फ्रुक्टोज-१-फॉस्फेटपासून ग्लुकोकायनेजकडे जाणारी एक तुटक रेषा ओढा.